सात भावांचे भूत

दिवाळीच्या अंकात भुताखेतांचा विषय पाहून घरची वडीलधारी मंडळी नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. पण तिकडे अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, मुले भुताचे मुखवटे चढवून दारोदार खाऊ मागत हिंडतात. त्याच सणाचे नाव घेऊन जॉन कार्पेंटर यांनी १९७८ साली 'हॅलोवीन' हा चित्रपट काढला, आणि मुखवटेधारी खुनी व एकामागून एक बळी पडणारी तरुण पोरे यांच्या चित्रपटांची तिकडे लाटच उसळली. त्या खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारातून दोन डॉलरांच्या आत आणलेला आणि पांढरा रंग फासलेला एक रबरी चेहरा! आज त्याच्या प्रतिकृती हौशी लोक आवडीने विकत घेतात.

मौज अशी की, आपल्या रामसे बंधूंचे भूतही एका मुखवट्यातूनच जन्मले, आणि तेही त्याच्या आठ वर्षे आधी. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी हे मूळचे कराचीचे. तेथे त्यांचे रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईस आले. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट काढला, तो पडला. तथापि मुलांच्या एक गोष्ट ध्यानात आली. चित्रपटात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक खूश असत. मग तेवढेच का दाखवू नये?

कुमार, केशू, तुलसी, श्याम, किरण, गंगू आणि अर्जुन हे सात भाऊ. छायालेखनावरचे एक इंग्रजी पुस्तक घेऊन ते काश्मिरात एका हाउसबोटीवर जाऊन राहिले आणि वाचून वाचून धंदा शिकले. मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला ही गोष्ट फार भावते. पुढे सगळे बिऱ्हाडच महाबळेश्वरला गेले. कोणी कॅमेरा धरला, कोणी ध्वनी सांभाळला, बायकांनी स्वयंपाक केला. आणि १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' पडद्यावर आला. आपल्या रायगड जिल्ह्यातला मुरूडचा नबाबाचा वाडाही पुढे त्यांच्या चित्रपटांत झळकला. १९८४ चा 'पुराना मंदिर' तर गावोगाव तुफान चालला. समीक्षकांनी ह्या चित्रपटांना कधी पंगतीला बसवले नाही. छोट्या गावांतल्या प्रेक्षकांनी मात्र त्यांना पोटभर वाढले.

आमच्या खोपोलीत मी 'पुराना मंदिर' पाहिला तो गणपतीत, गल्लीत भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. सामरी राक्षसाचे मुंडके पेटीबाहेर येणार, तोच वीज गेली. बाहेर धो धो पाऊस. कोणी उठेना. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी, "घाटातल्या वळणावर आमच्या मामंजींना काय दिसलं ठाऊक आहे?" म्हणून सुरुवात केली. आम्ही मुले एकमेकांना अशी बिलगलो, की कोणाचा हात कोणाच्या हातात, हे कळेना. त्या रात्री मोठ्या माणसांनी कंदील घेऊन प्रत्येक पोराला दारापर्यंत पोचवले. दुसऱ्या दिवशी नळावर तीच गोष्ट, आणि तेच हसणे!

हसण्याचा हा धागा मराठी चित्रपटाने अचूक पकडला. अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले' मधली खुनी बाहुली महेश कोठारे यांनी १९९३ साली 'झपाटलेला' मध्ये मराठीत आणली. रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या त्या तात्या विंचूला पोरे भ्यालीही आणि खदखदून हसलीही.

तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. त्यांचे चित्रपट परदेशातील शौकिनांनी तबकड्यांवर जपून ठेवले आहेत. चित्रपट टिकतील, पण ते बघण्याची रीत टिकेल काय, ही मला चिंता वाटते.

गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा वर्गात डुलक्या घेई. रागावणार होतो, पण जवळ बसवून विचारले. रात्री पांघरुणात मोबाइलवर त्याने असाच एक खुनाखुनीचा चित्रपट एकट्याने पाहिला होता. पंधरा दिवस त्याला झोप नव्हती, आणि ओरडा बसेल म्हणून घरी सांगण्याची छाती नव्हती. चित्रपट कदाचित आमच्याहून फार वेगळा नव्हता; पण त्याच्याजवळ ना काकू होत्या, ना कंदील.

मी त्याला सामरीची आणि गेलेल्या विजेची हकिकत सांगितली. ती ऐकता ऐकता तो हसला. मग हळूच म्हणाला, "सर, माझी गोष्ट सांगू?"

मी म्हटले, "सांग. सगळ्या वर्गाला सांग."