दोन भाषांतील कृष्णविवर : जयंत नारळीकर यांच्या विज्ञानाचा आणि कथेचा अनुबंध

१

जयंत विष्णू नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या मराठी लेखनाची चर्चा बहुधा विज्ञानप्रसाराच्या चौकटीत होते. थोर शास्त्रज्ञाने आपले ज्ञान सामान्य वाचकासाठी सोपे करून मातृभाषेत आणले, असा त्या चर्चेचा आशय असतो. नारळीकरांनीही वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार हे आपल्या कथालेखनाचे प्रयोजन वेळोवेळी सांगितले असल्याने या मांडणीला लेखकाचाच आधार मिळाला. तथापि या चौकटीत एक गृहीत दडलेले आहे. ज्ञान इंग्रजीत निर्माण होते आणि मराठीत ते केवळ पोहोचते, हे ते गृहीत होय. नारळीकरांचे इंग्रजीतील संशोधन आणि मराठीतील कथा शेजारी ठेवून, कालानुक्रमाने वाचल्या तर हे गृहीत पुरेसे ठरत नाही. कृष्णविवर, श्वेतविवर आणि गुरुत्वीय लहरी या तीन संकल्पनांच्या आधारे हा अनुबंध तपासता येतो.

२

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. परंतु त्यांची जडणघडण झाली ती वाराणसीत. वडील विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतल्यावर १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि व्यापक सापेक्षता सिद्धान्ताच्या भारतातील अध्ययनाचे एक केंद्र तेथे उभे राहिले. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती गणिती याच केंद्रात आले आणि प्रारण उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे त्यांचे समीकरण १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कृष्णविवरांच्या अभ्यासात ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ते जगभर वापरले गेले. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात मराठी, शाळेत हिंदी, ग्रंथसंग्रहात संस्कृत आणि इंग्रजी, अशी ही बहुभाषिक भूमी होती.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसासमोर अशा परिस्थितीत अनेक वाटा असत. छत्तीसगडच्या पेंड्रा येथून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक असूनही हिंदी गद्याचे एक शिल्पकार ठरले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. नारळीकरांची वाट वेगळी झाली. शिक्षण हिंदीत आणि संशोधन इंग्रजीत करूनही कथेसाठी त्यांनी मराठी निवडली. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मातृभाषा ही आपोआप घडणारी गोष्ट नसते. ती निवड असते, आणि तिच्यामागचे कारण शोधावे लागते.

३

१९५७ मध्ये नारळीकर केंब्रिजला गेले. त्याच वर्षी त्यांचे भावी मार्गदर्शक फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी प्रसिद्ध झाली. अग्रगण्य शास्त्रज्ञाने कादंबरी लिहावी आणि त्यामुळे त्याच्या संशोधनाला उणेपण येऊ नये, हा आदर्श नारळीकरांसमोर प्रत्यक्ष होता. दुसरा आणि अधिक खोल वारसा मतभेदाचा होता. विश्वाचा आरंभ एका महास्फोटात झाला, हे मत हॉईल यांना मान्य नव्हते. विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते आणि म्हणून विश्वाचे एकंदर रूप बदलत नाही, असे स्थिरस्थिती सिद्धान्ताचे प्रतिपादन होते. १९६४ मध्ये हॉईल आणि नारळीकर यांनी माख यांच्या तत्त्वावर आधारलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला. वस्तूचे जडत्व विश्वातील उर्वरित द्रव्यावर अवलंबून असते, हा त्याचा गाभा. भारतात त्याचे विलक्षण स्वागत झाले. १९६५ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी नारळीकर पद्मभूषण झाले. परंतु त्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्याचे जाहीर झाले आणि शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने झुकला. कीर्ती वाढत असताना ज्या सिद्धान्ताने ती दिली तो अल्पमतात जात होता. नारळीकरांच्या पुढील साठ वर्षांच्या वैज्ञानिक जीवनातला ताण येथून सुरू होतो.

४

१९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९७४ हे वर्ष प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कळीचे आहे. त्या वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात नारळीकर, अप्पा राव आणि नरेश दधिच यांचा श्वेतविवरांतून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रारणाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने लिहून हे टोपणनाव सिद्ध झाले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकर यांच्या हातची होती. जगद्विख्यात शास्त्रज्ञाने आपले नाव, म्हणजे इंग्रजीने दिलेली प्रतिष्ठा, बाजूला ठेवून मराठी कथेच्या परीक्षकांसमोर उभे राहणे यात विनोद आहे, तसा आत्मपरीक्षणाचा भागही आहे. प्रसाराचाच हेतू असता तर खरे नाव अधिक उपयोगी पडले असते.

भारतीय साहित्यात याला एक पूर्वपीठिका आहे. जगदीशचंद्र बसू यांच्या ‘निरुद्देशेर काहिनी’ या बंगाली कथेला १८९६ मध्ये ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकांनी ठेवलेले पारितोषिक मिळाले होते. दोन्ही ठिकाणी भौतिकशास्त्रज्ञ आहे, मातृभाषा आहे आणि स्पर्धा आहे. फरक कथाविषयाचा आहे. बसूंच्या कथेत वादळ शमविणारे तेल येते आणि विज्ञान मिस्कील रूपात वावरते. नारळीकरांनी निवडलेला विषय त्या क्षणी भौतिकशास्त्राच्या आघाडीवर होता. ‘ब्लॅक होल’ ही संज्ञाच व्हीलर यांच्या १९६७ च्या व्याख्यानानंतर रूढ झाली होती.

त्या संज्ञेचा मराठी पर्यायही विचार करण्याजोगा आहे. बंगालीने ‘कृष्णगह्वर’ म्हटले, मराठीने ‘कृष्णविवर’. गह्वर शब्दात खोली आणि दुर्गमता आहे. विवर शब्दात उघडे तोंड आहे. चंद्रावरची विवरे, ज्वालामुखीचे विवर, लोणारचे विवर हे प्रयोग मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. परिणामी ‘श्वेतविवर’ हा शब्द मराठीत सहज घडतो, कारण ज्याला तोंड आहे त्यातून काही आत जाईल तसे बाहेरही येईल. कृष्णविवराच्या गणितात काळाची दिशा उलटी केली की श्वेतविवर मिळते. पहिल्यातून काही बाहेर येत नाही, दुसऱ्यात काही आत जात नाही. नारळीकरांचे संशोधन या दुसऱ्या बाजूकडे वळले होते. द्रव्य कोठून येते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता आणि सतत निर्मितीच्या कल्पनेशी श्वेतविवराचे नाते जवळचे होते.

कथेसाठी मात्र त्यांना कृष्णविवरच हवे होते, आणि याचे कारण वाङ्मयीन आहे. प्रबळ गुरुत्वक्षेत्रात घड्याळ मंदावते. कृष्णविवराजवळून परतणाऱ्याचा अल्पकाळ हा दूर राहिलेल्यांचा दीर्घकाळ असतो. एका समीकरणातून येथे विरह, वार्धक्य आणि परतण्यातील परकेपण उद्भवते. श्वेतविवर हा सिद्धान्ताचा विषय होता. कृष्णविवर हा माणसांच्या नात्यांचा विषय होऊ शकत होता. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या कथेची दखल घेतली. भा. रा. भागवत यांच्या अनुवादांतून ज्यूल व्हर्न वाचलेल्या मराठी वाचकाला आता स्वतःची विज्ञानकथा मिळू लागली. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

५

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा हा अनुबंध अधिक स्पष्ट करते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जातात, जेथे १७६१ च्या लढाईत विश्वासराव बचावले आणि मराठे विजयी झाले. परतल्यावर त्यांच्या अनुभवाचा उलगडा पुंजभौतिकीतील अनेक शक्यतांच्या कल्पनेने केला जातो. निरीक्षण आपल्याला एक वास्तव देते. दुसरे वास्तव शक्य नव्हतेच, असे मात्र ते सिद्ध करीत नाही. अल्पमतातील सिद्धान्त आयुष्यभर सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञाने पराभूत शक्यतेला एक संपूर्ण जग द्यावे, हा योगायोग मानणे कठीण आहे. शोधनिबंधात पर्यायाला पुरावा द्यावा लागतो. कथेत पर्याय जगून पाहता येतो.

या कथेचा इंग्रजी अवतार ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात आला. त्यामुळे भिलाई-उतई परिसरातील केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या, घरी मराठी वा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलापर्यंत ती इंग्रजीतून पोहोचू शकली. मात्र ‘पानिपत होणे’ या वाक्प्रचारातला सर्वनाश त्या शीर्षकातून वगळला गेला. मराठी शीर्षकात पराभव आधीच नोंदलेला आहे. म्हणूनच कथेतील विजय वाचकाला चकवतो. इंग्रजी शीर्षक केवळ अद्भुत प्रवासाचे आश्वासन देते. मराठीतून इंग्रजीत गेलेल्या या कथेत जे गळते ते विज्ञान नसून इतिहासाची जखम आहे. ज्ञान इंग्रजीकडून मराठीकडे वाहते या गृहीताला येथे छेद मिळतो.

६

१९८८ मध्ये पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे ‘आयुका’, स्थापन झाले. नारळीकर त्याचे संस्थापक-संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. या केंद्रात संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींचे संशोधन रुजविले. धुरंधर यांचा आरंभ कृष्णविवरांपासून झाला होता. चुंबकीय क्षेत्रातील कृष्णविवरापासून ऊर्जा मिळविण्याच्या पेनरोझ प्रक्रियेवर त्यांचा वाघ आणि दधिच यांच्यासह निबंध १९८५ चा आहे. १९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी दुसरा प्रश्न हाताळला. परस्परांभोवती फिरत जवळ येणाऱ्या जुळ्या ताऱ्यांच्या लहरी उपकरणाच्या गोंगाटात बुडालेल्या असतात. मग त्या ओळखायच्या कशा? संकेताचा आकार सिद्धान्ताने आधी काढून ठेवायचा, असे असंख्य नमुने नोंदीशी ताडून पाहायचे, आणि नमुन्यांची संख्या आटोक्यात राहील अशी त्यांची निवड करायची, ही त्यातील पद्धत होय.

‘लहरी’ हा शब्द मराठीत चंचल स्वभावाचेही विशेषण आहे. या लहरींचे शास्त्र मात्र आत्यंतिक शिस्तीचे आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन वेधशाळांनी पहिला संकेत टिपला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकरूप झाली आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान ऊर्जारूपाने लहरींत गेले. चार किलोमीटरच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता.

या वाटेवर नारळीकरांचा स्वतःचा पर्यायही होता. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये स्थिरस्थितीचे सुधारित रूप मांडले. कृष्णविवर होण्याच्या बेतात असलेल्या प्रचंड पिंडांजवळ द्रव्यनिर्मितीचे छोटे स्फोट होतात, असे ते सांगते. असा स्फोट सर्व दिशांनी सारखा नसेल तर त्यातून गुरुत्वीय लहरी निघतील. त्या टिपता येतील काय, याचा विचार नारळीकरांनी पॅट्रिक दासगुप्ता यांच्यासह १९९३ मध्ये आणि पुन्हा धुरंधर व इतर सहकाऱ्यांसह २००६ मध्ये केला. मतभेदाला त्यांनी कसोटीपासून दूर ठेवले नाही. ओळखता आलेले संकेत कृष्णविवरांच्या आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे ठरले. श्वेतविवराच्या दिशेने पाहणाऱ्या शास्त्रज्ञाच्या संस्थेने कृष्णविवराचा आवाज ऐकण्याच्या पद्धतीला आसरा दिला, आणि त्या आवाजाने त्याच्या पर्यायाला दुजोरा दिला नाही. वैज्ञानिक सचोटीची ही कसोटी होती.

७

भारतातील ‘लायगो’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी दिली. तिची जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात आहे. नरसी याच जिल्ह्यात. मराठी अभंग आणि उत्तरेतील पदे या दोहोंत ज्यांची वाणी वावरली त्या नामदेवांचे हे परंपरेने मानलेले जन्मगाव. दोन भाषांत एकच आशय नेताना तो दोन्हीकडे नवा होतो, हा अनुभव या प्रदेशाला अपरिचित नाही.

नारळीकरांना २०१४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी मिळाला. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विश्वोत्पत्तीविषयीचा त्यांचा सिद्धान्त अल्पमतातच राहिला. परंतु पर्यायाचा शोध घेण्याची जी वृत्ती इंग्रजीत पुराव्याच्या अभावी थांबली, तिने मराठीत एक कथाप्रकार प्रस्थापित केला. त्यांच्या मराठी कथेला विज्ञानाचे भाषांतर म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. एकाच प्रश्नाचे ते दुसरे, स्वतंत्र लेखन आहे, आणि तुलनात्मक साहित्याभ्यासाने ते तसेच वाचणे उचित ठरेल.