मध्यममार्गी प्रणयसुखात्मिका

महानगरातील एकाकी व संकोची माणसांनी घेतलेला सोबतीचा शोध सौम्य विनोदाच्या अंगाने मांडणारा चित्रपटप्रकार. तारकाप्रधान व्यावसायिक चित्रपट आणि प्रयोगशील समांतर चित्रपट यांच्यामधील वाट त्याने चोखाळली, म्हणून त्यास ‘मध्यममार्गी’ म्हणतात. मुंबईत तो मुख्यतः १९७० नंतरच्या दशकात बहरला. त्याची भाषा बहुधा हिंदी असली, तरी त्यातील चाळ, कचेरी व लोकल गाडी हे विश्व मराठी मध्यमवर्गाच्या परिचयाचे होते.

या विषयाची पूर्वपीठिका अमेरिकन चित्रपटात आढळते. पॉल फेयोस याच्या लोन्सम (१९२८) या चित्रपटात न्यूयॉर्कमधील दोन एकाकी श्रमजीवी गर्दीत भेटतात व दुरावतात. आपण शेजारी-शेजारीच राहतो, हे त्यांना अखेरीस कळते. बिली वाइल्डरच्या द अपार्टमेंटमध्ये (१९६०) एकटा कारकून बढतीच्या आशेने आपले घर वरिष्ठांना वापरू देतो. जागेची टंचाई व मनाचा एकाकीपणा यांचा हा सांधा मुंबईत अधिकच ठळक झाला.

भारतात अशा अल्पखर्ची चित्रपटांना १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जांमुळे वाट मिळाली. मृणाल सेन यांच्या भुवन शोम (१९६९) या चित्रपटात एक करडा, विधुर रेल्वे अधिकारी खेडवळ मुलीच्या सहवासात विरघळतो. त्याच वर्षी बासू चतर्जी यांचा सारा आकाश हा पहिला चित्रपट आला. ब्लिट्झ या साप्ताहिकात व्यंगचित्रकार म्हणून काम केल्यामुळे सामान्य माणसाच्या लकबी टिपण्याची दृष्टी त्यांना लाभली होती. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेले के. के. महाजन हे या दोन्ही चित्रपटांचे छायालेखक होत.

राजा ठाकूर यांच्या मुंबईचा जावई (१९७०) या मराठी चित्रपटावरून चतर्जी यांनी पिया का घर (१९७२) काढला. त्यात नवविवाहितांना दाटीच्या घरात एकान्तच लाभत नाही. मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवरील रजनीगंधाने (१९७४) मराठी रंगभूमीवरील अमोल पालेकर यांना हिंदीत आणले. छोटी सी बातमध्ये (१९७६) त्यांनी रंगविलेला भिडस्त कारकून बसथांब्यावर दिसणाऱ्या तरुणीशी बोलू शकत नाही. प्रतिस्पर्ध्याजवळ स्कूटर असते; याच्याजवळ केवळ रांगेतली जागा. अखेर तो घाटमाथ्यावरील खंडाळ्यास एका कर्नलकडे धीटपणाचे धडे घेण्यास जातो. स्कूल फॉर स्काउंड्रल्स (१९६०) या ब्रिटिश चित्रपटावर हे कथानक आधारलेले असले, तरी त्यातील संकोच अस्सल मुंबईकर आहे. खट्टा मीठात (१९७८) उतारवयातील पारशी विधुर व विधवा, तर बातों बातों में (१९७९) मध्ये लोकलमधील सहप्रवासी एकत्र येतात.

या चित्रपटांत खलनायक क्वचितच आढळतो. प्रेमिकांच्या आड येते ते शहरच. मात्र त्यांची गाठ घालून देतात तीही त्याच शहराची सार्वजनिक वाहने व कचेऱ्या. या प्रश्नाची करुण बाजू भीमसेन यांच्या घरौंदात (१९७७) दिसते. घराच्या शोधात फसवणूक झाल्यावर नायिका आपल्या विधुर मालकाशी विवाह करते आणि प्रेमाचा बळी जातो. नायक-नायिकेची ही वणवण काल्पनिक नव्हती. मुंबईवरील ताण हलका करण्यासाठी १९७० मध्येच सिडकोची स्थापना होऊन पनवेल, उरण व ठाणे परिसरात नव्या शहराची आखणी सुरू झाली होती.

सई परांजपे यांच्या कथा (१९८३) या चाळीतील चित्रपटानंतर या प्रवाहाचा जोर ओसरला. त्याचा मध्यमवर्गीय प्रेक्षक दूरदर्शनकडे वळला. खुद्द चतर्जी यांनी रजनी (१९८५) ही मालिका केली. पुढे सतीश राजवाडे यांच्या मुंबई-पुणे-मुंबई (२०१०) या मराठी चित्रपटात, एका दिवसापुरत्या भेटलेल्या दोन अनोळखी व्यक्तींच्या संभाषणातून, हे सूत्र पुन्हा प्रकटले. रितेश बत्रा यांच्या द लंचबॉक्समध्ये (२०१३) चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा एक विधुर हिशेबनीस व एक उपेक्षित गृहिणी यांच्यात पत्रव्यवहार घडवितो.

या प्रवाहाला मर्यादाही होत्या. त्याचे विश्व बव्हंशी पांढरपेशांपुरते राहिले. रजनीगंधात केंद्रस्थानी असलेले स्त्रीमन छोटी सी बातमध्ये मागे पडले आणि स्त्रीचा पाठलाग हा विनोदाचा विषय झाला. द लंचबॉक्सने गृहिणीच्या एकाकीपणाला समान वजन देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली. तथापि एकटेपणा हा व्यक्तीचा दोष नसून नागरी जीवनाच्या रचनेतून उद्‌भवतो, ही जाणीव प्रेक्षकाला हसवीत करून देणे, हे या प्रवाहाचे टिकाऊ कार्य होय.