बक्षिसामागची अट

अमेरिकेत रोजच्या व्यवहारांचे नवे (‘चेकिंग’) खाते उघडणाऱ्याला आज अनेक बँका दोनशे-तीनशे डॉलर रोख देतात. अट बहुधा एकच असते: पगार थेट या खात्यात जमा झाला पाहिजे. ज्यांना असा पगार नाही, ते छोटे व्यावसायिक किंवा सुटी कामे करणारे लोक ही अट नसलेले बक्षीस शोधत राहतात. या शोधाला चलाख ग्राहकांचा उद्योग म्हणून सोडून देणे मला पटत नाही. बँक काय देते यापेक्षा त्या बदल्यात काय मागते हे पाहिले, की त्या काळी तिला कशाची गरज होती ते कळते. शिवाय पगाराची अट नसलेले बक्षीस हेच मूळचे आहे. पगाराची अट मागाहून आली.

१९३३च्या बँकिंग कायद्याने मागताक्षणी परत करायच्या ठेवींवर व्याज देण्यास बंदी घातली आणि बचतीवरील व्याजाची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्हला दिला. हेच ‘रेग्युलेशन क्यू’. ठेवींसाठी व्याजाची चढाओढ झाली की बँका जोखमीच्या कर्जांकडे ढकलल्या जातात, अशी महामंदीनंतरची समजूत त्यामागे होती. १९६६मध्ये घरकर्ज देणाऱ्या बचत संस्थाही अशा मर्यादेखाली आल्या. दर सगळीकडे जवळपास सारखाच, तर ग्राहक आपल्याच दारात का यावा? म्हणून टोस्टर, ब्लँकेट, काचसामानाचे संच वाटले जाऊ लागले. नियामकांनी त्यालाही वेसण घातली. एका टप्प्यावर पाच हजार डॉलरखालच्या ठेवीला १० डॉलरपर्यंतची आणि त्यावरच्या ठेवीला २० डॉलरपर्यंतची वस्तू चाले. त्याहून महाग वस्तू व्याजात धरली जाई. म्हणजे भेटवस्तू हे व्याजाचेच दुसरे रूप आहे, हे नियमालाच मान्य होते. आणि बँकेला हवी होती ती फक्त ठेव. ती पगारातून आली की कापूस विकून, हे कोणी विचारत नव्हते.

१९८०च्या कायद्याने बचतीवरील मर्यादा १९८६पर्यंत टप्प्याटप्प्याने उठवल्या. व्याज मोकळे झाले तर बक्षिसे संपायला हवी होती, असा आक्षेप इथे रास्त आहे. पण दर वाढवला की तो जुन्या ठेवीदारांनाही द्यावा लागतो. बक्षीस मात्र फक्त नव्या माणसाला आणि एकदाच. मागताक्षणी परत करायच्या ठेवींवरील व्याजबंदी तर २०११पर्यंत टिकली. दरम्यान वेतनाचा मार्गच बदलला होता. १९७२मध्ये कॅलिफोर्नियात बँकांमधील रकमा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवणारे स्वयंचलित क्लिअरिंग हाउस सुरू झाले आणि त्याच दशकात सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेची रक्कमही थेट खात्यात येऊ लागली. एकदा पगार एका खात्याला जोडला, की बिले आणि हप्तेही तिथेच अडकतात. मग माणूस सहसा बँक बदलत नाही. १९७८च्या कायद्याने मालकाला अमुकच बँकेत पगार घ्या अशी सक्ती करण्यास मनाई केली. निवड कामगाराच्या हाती राहिली, म्हणून बँकेला ती त्याच्याकडूनच विकत घ्यावी लागते.

पगार ही खऱ्या वापराची खूण आहे, ती नसेल तर लोक पैसे घेऊन पसार होतील, असे बँकांची बाजू घेणारे म्हणतील. भीती खरी आहे, पण उपाय एकांगी आहे. पगाराऐवजी बँका सहसा दोनपैकी एक गोष्ट मागतात: काही हजार डॉलर ठरावीक दिवस पडून ठेवा, किंवा डेबिट कार्ड ठरावीक वेळा वापरा. मला दुसरी अट न्याय्य वाटते, कारण ती वापर खरोखर तपासते आणि तिला शिलकीचे पाठबळ लागत नाही. शिवाय १० अब्ज डॉलरपेक्षा कमी मालमत्तेच्या बँकांना डेबिट कार्डावरील शुल्काची २०११ची मर्यादा लागू नाही, त्यामुळे प्रत्येक खरेदीमागे त्यांची कमाईही अधिक होते. पहिली अट मात्र नियमित पगार नसलेल्याकडेच पडून राहिलेला पैसा मागते. २०२३च्या सरकारी पाहणीत ४.२ टक्के अमेरिकी कुटुंबांकडे बँक खाते नव्हते, आणि त्यांनी सांगितलेल्या मुख्य कारणांत पहिले होते किमान शिल्लक ठेवण्याइतका पैसा नसणे.