ऑटोफोकस कॅलिब्रेशन म्हणजे काय?

माहूरची रेणुकामाता महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. लग्नानंतर जोडपी दर्शनाला येतात आणि गडावर फोटोही काढले जातात. अशा फोटोत फोकस डोळ्यांवर धरूनही डोळे धूसर आणि कान मात्र स्पष्ट आले, तर दोष लेन्सला दिला जातो. प्रत्यक्षात लेन्स आणि बॉडी दोन्ही ठीक असू शकतात, फक्त त्यांचा एकमेकींशी मेळ बसलेला नसतो.

हा फरक का पडतो?

डीएसएलआर कॅमेऱ्यात फोटो एका सेन्सरवर उमटतो, तर फोकस वेगळा सेन्सर ठरवतो. मुख्य आरशातून पार झालेला थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून खाली या फोकस सेन्सरकडे जातो. दोन्ही सेन्सरपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे हवे. बॉडी आणि लेन्स बनवताना राहिलेले सूक्ष्म फरक एकाच दिशेचे असले, की चूक वाढते. फोकस विषयाच्या पुढे पडला तर फ्रंट फोकस, मागे पडला तर बॅक फोकस.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने एफ/१.८ ला २ मीटरवरून फोटो काढल्यास जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/८ ला हीच चूक सहसा झाकली जाते.

तपासणी कशी करावी?

कॅमेरा ट्रायपॉडवर लावून ठळक छपाईचा सपाट कागद लेन्ससमोर सरळ धरावा. अंतर फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट असावे. ५० मिमीसाठी सव्वा ते अडीच मीटर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून काही फोटो व्ह्यूफाइंडरमधून, काही लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून काढावेत. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवावा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो सातत्याने जास्त स्पष्ट आले, तर कॅलिब्रेशनची गरज आहे. चूक कधी पुढे, कधी मागे पडत असेल, तर मात्र कॅलिब्रेशनने ती जाणार नाही.

दुरुस्ती कशी होते?

२००७ मध्ये कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ मध्ये आणि निकॉनच्या डी३ व डी३०० मध्ये ही सोय आली. कॅनन तिला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणते, निकॉन एएफ फाइन ट्यून. मूल्य उणे २० ते अधिक २० असते. अधिक केल्यास फोकस मागे सरकतो, उणे केल्यास पुढे येतो. हे मूल्य बॉडीत साठते, त्यामुळे तीच लेन्स दुसऱ्या बॉडीला लावल्यास पुन्हा तपासावे लागते.

निकॉन डी५६०० सारख्या स्वस्त बॉडीत ही सोय नाही. तिथे लाइव्ह व्ह्यू वापरावा किंवा बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्याव्यात. मिररलेस कॅमेऱ्यात मुख्य सेन्सरच फोकस ठरवतो, म्हणून तिथे सहसा याची गरज पडत नाही.