बाणाचा डाग

घोड्याला डाग देण्याची चाल पुरातन आहे. मनसबदारांनी हजेरीच्या दिवशी उसनी तट्टे उभी करून खजिन्यातून तनखा उपटू नये, म्हणून अकबराच्या अमदानीत दागाची स्वतंत्र व्यवस्था होती. आणि इंग्रज सरकार आपल्या मालकीच्या वस्तूंवर बाणाच्या टोकाचा जो शिक्का मारीत असे, तोच तापल्या लोखंडाने लष्करी घोड्याच्या कातडीवरही उमटवीत असे. दप्तरातील नोंद खोडता येते, पण ही खूण जनावर जिवंत असेतो पुसत नाही. आणि याच खुणेने एका बाईला कैरोच्या रस्त्यांवर, लढाई संपून बारा वर्षे लोटल्यावर, तिच्या देशाचे घोडे ओळखता आले.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या वाळवंटी मोहिमेवर घोडदळाला जेवढा वाव मिळाला, तेवढा फ्रान्सच्या खंदकांत मिळणे शक्यच नव्हते. तेथे इंग्लंडचे घोडे होते, ऑस्ट्रेलियाचे ‘वेलर’ होते, हिंदुस्थानचे रिसालेही होते. दुसऱ्या बाजीरावाशी १८१७ साली झालेल्या तहान्वये उभारलेल्या पथकाचा वारसा सांगणारा पूना हॉर्स हा रिसाला १९१८ मध्ये त्याच आघाडीवर होता. युद्ध संपले, शिपाई जहाजांत बसले, आणि जनावरांची पाळी आली तेव्हा जहाजभाड्याचा व रोगराईचा हिशेब पुढे करण्यात आला. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेल्या सुमारे १,३६,००० घोड्यांपैकी सँडी नावाचा एकच मायदेशी पोहोचला. म्हाताऱ्या घोड्यांना गोळ्या घातल्या गेल्या, काही हिंदी रिसाल्यांकडे वर्ग झाले, आणि इंग्रजी फौजेचे हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून सरकारी बुकातून खारीज करण्यात आले.

१९३० साली ब्रिगेडियर जेफ्री ब्रूक यांची कैरोस नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी डोरोथीबाई तेथे आल्या आणि गाड्यांना जुंपलेल्या हाडांच्या सापळ्यांवर त्यांनी तो डाग पाहिला. १९३१ च्या एप्रिलात त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र धाडून, हे घोडे आता सर्वच्या सर्व विशीपुढे गेलेले असून त्यांचे फार हाल चालले आहेत, असे कळविले. वाचकांनी पैसा पाठविला, आणि पुढल्या काही वर्षांत सुमारे ५,००० जनावरे बाईंनी मालकांना दाम मोजून सोडविली. १९३४ साली कैरोच्या सय्यदा झैनब वस्तीत त्यांच्यासाठी इस्पितळ स्थापन झाले.

‘सोडविली’ हा शब्द लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण त्यांतील बहुतेक इतकी जर्जर होती की त्यांना वेदनेविना मरण देणे एवढीच दया शिल्लक राहिली होती. पण त्या मरणाआधीचा विसावा मला सामान्य वाटत नाही. ठाणाच्या दाराशी घोडा थबके. वेड्यावाकड्या नालांखाली दगडाऐवजी गुडघाभर भुसा लागताच तो पुन्हा थांबे, मान खाली घालून हुंगे, जणू नाकावरही त्याचा विश्वास बसत नसे. मग कोणी गव्हाणीतल्या हिरव्या बरसीमकडे झेपावे, तर कोणी कुरकुरते सांधे दुमडीत सावकाश खाली बसून चारी पाय पसरी, आणि तासन्‌तास तसाच पडून राही.

सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद आहे, आणि पावसाळी छावणीत परतणाऱ्या घोड्यांसाठी दाणा, औषध व निवारा यांची तजवीज आधीच केलेली आहे. बारगिराच्या मांडीखालचे जनावर सरकारचे, म्हणून त्याची चंदी सरकारची, हा तेथला साधा न्याय. तो न्याय महायुद्ध जिंकणाऱ्या बलाढ्य सरकारला सुचू नये, आणि त्याची भरपाई वाचकांच्या वर्गणीतून करण्याचे एका बाईच्या माथी यावे, याचा मला आजही संताप येतो.

बाईंनी मात्र कैरोच्या गाडीवानांना दोष दिला नाही. घोडा मरणपंथाला लागूनही जुंपणारा माणूस स्वतः अर्धपोटी असतो, हे त्यांनी जाणले होते. म्हणूनच युद्धातले घोडे संपल्यावरही इस्पितळाची दारे मिटली नाहीत; गरिबांच्या घोड्यागाढवांना तेथे फुकट औषधपाणी मिळू लागले, आणि १९५५ साली कैरोतच देह ठेवीपर्यंत डोरोथीबाई त्याच कामात राहिल्या.