हास्य आणि दमा

खळखळून हसल्यावर दमेकऱ्याला ठसका लागणे, छातीत घरघर होणे, धाप लागणे. दमेकरी मूल असलेल्या घराला हे नवे नसते आणि तिथे ‘त्याला फार हसवू नका’ अशी ताकीदही ऐकू येते. उपलब्ध पुरावा पाहता ही ताकीद चुकीच्या जागी आहे. हसताना माणूस तोंडाने भराभर श्वास सोडतो, मग खोल ओढतो. नाकात ऊब आणि ओलावा न मिळालेली हवा थेट श्वासनलिकांत जाते. निरोगी नलिका ती सोसतात, आधीच सुजलेल्या आकसतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील पाहणीत 285 दमेकरी मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना हसण्याने त्रास होत असल्याचे आढळले. हे दमा पुरता आटोक्यात नसल्याचे लक्षण मानावे, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडलेल्या पाहणीत हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले. दोन्ही आकडे सांगोवांगीचे, यंत्राने मोजलेले नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. त्याने प्रमाण कमीजास्त ठरेल. सूज आधीची, हसणे नंतरचे, हा क्रम बदलत नाही.

हदगाव (जि. नांदेड) परिसरात सूज टिकवून धरणारी कारणे शिवारातच सापडतात. सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडतो. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरू लागली की पिवळी भुकटी मजुराच्या भुवयांवर बसते. जी भुवयांवर दिसते ती छातीतही जाते. अशा माणसाला संध्याकाळी पारावरच्या गप्पांत खोकल्याची उबळ आली, तर दोष विनोदाचा कसा?

उलट बाजूने हास्यक्लबांचा दावा येतो. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी पहिला क्लब सुरू केला. हसण्याने फुप्फुसे मोकळी होतात, असे तेव्हापासून सांगितले जाते. जपानी डॉक्टर हाजिमे किमाता यांच्या 2004 च्या प्रयोगात विनोदी चित्रपट पाहिल्यावर दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांची आकसण्याची प्रवृत्ती घटलेली दिसली. पण रुग्ण मोजके होते. पडद्यापुढे बसून हसणे वेगळे आणि पहाटेच्या गार हवेत हात उंचावून ठरवून हसणे वेगळे. हास्य हा दम्यावरचा उपचार ठरत नाही.

व्यवहारात हसल्यावर ठसका येत असेल, तर रात्रीचा खोकलाही विचारावा आणि सूज उतरवणारा रोजचा पंप नियमित घेतला जातो का, हे पाहावे. पंपाची सवय लागते या गैरसमजापोटी तो मध्येच सोडणारे पुष्कळ.

धुळीला दोष देणे नवे नाही. आयुर्वेदात दम्याला तमकश्वास म्हणतात. चरकसंहितेत श्वासविकारांच्या कारणांत धूळ, धूर, थंडी व श्रम येतात.