सुई न टोचता दिसलेला फुगा

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. त्याला जिथे फाटे फुटतात, तिथे कधी कधी धमनीची भिंत कमजोर पडते आणि रक्ताच्या दाबानं बाहेर फुगते. हाच ॲन्युरिझम. शंभरातल्या तीनेक प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो. बहुतेकांचा तो कधी फुटत नाही आणि त्यांना कळतही नाही. ज्यांचा फुटतो, त्यांच्यातले काही जण मात्र दवाखान्यात पोहोचण्याआधीच दगावतात. त्यामुळे फुगा फुटण्याआधी दिसावा, ही न्यूरोसर्जनांची जुनी निकड होती.

साध्या एक्स-रेमध्ये मेंदूच्या धमन्या दिसत नाहीत. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी त्या दिसाव्यात म्हणून रक्तात औषध मिसळायचं ठरवलं. आधी वापरलेल्या स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. मग 28 जून 1927 रोजी त्यांनी मानेतल्या धमनीत सोडियम आयोडाइडचं द्रावण टोचलं आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा फिल्मवर उमटल्या. पुढे थोरोट्रास्ट हे थोरियमचं द्रव्य वापरात आलं. चित्र सुरेख यायचं, पण द्रव्य किरणोत्सारी होतं आणि शरीरातून जाता जात नसे. अनेकांना वर्षांनुवर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि बारीक नळी यांची पद्धत दिली, तेव्हा कुठे अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचं हे चित्रण, सुरक्षित म्हणण्याजोगी झाली. फुग्याच्या बाबतीत शेवटचा शब्द आजही तिचाच. तरीही धमनीत नळी सरकवायची म्हणजे पक्षाघाताचा थोडा धोका आलाच. काहीही तक्रार नसलेल्या माणसावर तो कोण आणि किती वेळा लादणार?

या अडचणीवरचा तोडगा निघाला तो वैद्यकाबाहेर. 1946 मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांचा रेडिओ संदेश पकडला. 1951 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जी. सूर्यन यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून नळीतलं पाणी वाहतं ठेवलं आणि तोच संदेश मोजला. पाणी थांबलेलं असताना रेडिओ लहरींच्या माऱ्यानं त्यातली केंद्रकं दमून जातात आणि संदेश मंदावतो. पाणी वाहू लागलं, की दमलेली केंद्रकं पुढे निघून जातात, त्यांच्या जागी ताज्या दमाची येतात आणि संदेश पुन्हा जोर धरतो. म्हणजे द्रव किती वेगानं वाहतो, हे त्याच्याच संदेशावरून कळतं. 1959 मध्ये बर्कलीच्या जे. आर. सिंगर यांनी उंदराच्या शेपटीतल्या रक्तप्रवाहाचा वेग याच युक्तीनं मोजला. शेपटी यंत्रातल्या छोट्याशा गुंडाळीत मावत होती.

1973 मध्ये लॉटरबर यांनी या संदेशातून चित्र काढण्याची रीत, म्हणजे आजचा एमआरआय, मांडली. सत्तरच्या दशकाअखेर माणसाच्या शरीराची चित्रं निघू लागली आणि मग वाहतं रक्त ही डोकेदुखी ठरली. धमनीच्या जागी काळं भोक दिसे आणि रक्ताच्या ठोक्यासरशी भलत्याच जागी भुतासारखी सावली उमटे. हा गोंधळ कसा टाळावा याचे उपाय शोधता शोधता काहींच्या लक्षात आलं, की तोच वापरून घेता येईल. 1986 मध्ये ‘मॅग्नेटिक रेझोनन्स अँजिओग्राफी’ याच शीर्षकाचे दोन स्वतंत्र लेख आले. एक स्टॅनफर्डच्या निशिमुरा, मॅकोव्हस्की व पॉली यांचा, दुसरा जनरल इलेक्ट्रिकच्या डुमुलँ आणि हार्ट यांचा. 1988 मध्ये लाउब आणि कायझर यांनी वाहत्या रक्ताचा संदेश विस्कटू न देण्याची तजवीज दाखवली. 1990 मध्ये क्लीव्हलँडच्या रॉस, मॅसॅरिक, मोडिक आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या ॲन्युरिझमसाठी ही पद्धत तपासून पाहिली.

आज सर्रास होणाऱ्या ‘टाइम ऑफ फ्लाइट’ तपासणीत सूर्यन यांनी पाहिलेलंच घडतं. मेंदूच्या एका थरावर सेकंदात तीसेक वेळा रेडिओ लहरी आदळतात. जागचं हलत नसलेलं मांस दमून काळवंडतं. थराबाहेरून येणारं ताजं रक्त चमकतं. ना इंजेक्शन, ना क्ष-किरण. संगणक सर्वांत तेजस्वी बिंदू निवडून धमन्यांचं झाड उभं करतो आणि रेडिओलॉजिस्ट ते फिरवून बघतो. निदान मात्र त्या देखण्या झाडावर करायचं नसतं, मूळ कापांवर करायचं असतं. धमनीच्या मुळाशी तीन मिलिमीटरचा उंचवटा दिसला आणि तो शंकूसारखा निमुळता असून टोकातूनच बारीक फांदी निघत असेल, तर तो बहुधा फुगा नसतो. तो फांदीचा रुंद बुंधा असतो. फांदी बाजूनं निघत असेल आणि उंचवटा गोल असेल, तर मात्र संशय धरावा.

चित्र धमनीचं नसतं, प्रवाहाचं असतं, आणि म्हणूनच ते फसतंही. मोठ्या फुग्यात रक्त संथ घुमतं, तिथेच दमतं आणि फुगा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. उलट काही दिवस जुन्या गुठळीचा संदेश मुळातच तेजस्वी असतो, ती वाहतं रक्त असल्याचं सोंग आणते. चुंबकाचा धोका वेगळाच. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतल्या रुग्णाच्या डोक्यात फुगा बंद करण्यासाठी त्याच्या मानेवर बसवलेली, चुंबकाकडे ओढली जाणारी क्लिप होती. स्कॅनरच्या चुंबकीय क्षेत्रात ती हलली आणि रुग्ण दगावला. एमआरआयच्या आधी डोक्यातल्या क्लिपबद्दल खोदून विचारतात ते उगाच नव्हे. आता बहुतेक क्लिप टायटेनियमच्या असतात आणि फुग्यात भरलेली प्लॅटिनमची कॉइलही चित्र फारसं बिघडवत नाही.

तपासणी इतकी सोपी झाल्यावर न शोधलेले फुगेही सापडू लागले. रॉटरडॅममध्ये 2,000 सर्वसामान्य लोकांच्या मेंदूचा एमआरआय केला, तेव्हा 35 जणांमध्ये ॲन्युरिझम निघाला. त्याची माहिती 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. मग प्रश्न बदलला: सापडला खरा, पण फुटेल का? गेल्या काही वर्षांत त्यासाठी उलटी युक्ती करतात. रक्ताचा संदेश मुद्दाम मारून भिंत तेवढी दाखवतात आणि गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं द्रव्य दिल्यावर ती उजळते का, ते पाहतात. उजळलेली भिंत दाह किंवा अस्थिरता सुचवते, पण निकाल देत नाही. फुग्याचा आकार व जागा, रुग्णाचं वय, रक्तदाब, धूम्रपान, घराण्यातला इतिहास, सगळं तोलावं लागतं.

पुष्कळदा ठरतं ते इतकंच: थांबू या, पुन्हा पाहू या. ठरावीक काळानं तीच तपासणी, तेच कोन, आणि दोन चित्रांत मिलिमीटरभर फरक पडला का याचा ताळा. वाढणारा फुगा फुटण्याची शक्यता अधिक, तेव्हा हा फरक शस्त्रक्रियेचा निर्णय फिरवू शकतो. सुई टळल्याचा सर्वांत मोठा फायदा वेदना वाचण्यात नाही, तो असं पुन्हा पुन्हा पाहता येण्यात आहे. मोनिझ यांच्या पद्धतीत एकेका चित्राची किंमत रुग्ण मोजत होता. इतक्या धीरानं वाट पाहणं तेव्हा परवडलंच नसतं.